तबेला आणि वखार

लाकडाची वखार, खालचं गाव
३ जून

व्याहीबुवा,

नमस्कार. खुशाली विचारत नाही. तुम्ही मुलांवर ओरडता ते ओढा ओलांडून इथपर्यंत ऐकू येतं, तेव्हा प्रकृती ठणठणीत असणार. तुमची धाकटी, म्हणजे आता आमची सूनबाई, मजेत आहे. घरात मान खाली घालून सगळ्यांचं ऐकून घेते. हा गुण तिनं तुमच्याकडून घेतलेला नाही हे नक्की.

लग्न होऊन वर्ष होत आलं आणि मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. कारण गोड नाही. माझ्या शाळेतल्या कुंभाराच्या दोन्ही मुली गेल्या आठवड्यात तुमच्या तबेल्यातल्या शाळेत बसलेल्या दिसल्या. त्यांच्या आईला गाठून विचारलं तर म्हणाली, "मास्तर सांगत होते, वखारीतली शाळा आता साहेबाची होणार, पोरींना परक्याच्या घरी पाणी भरायला शिकवणार." तुम्ही सांगितलंत आणि तिनं ऐकलं. मी इथे फळा पुसत होते, मला पत्ताच नाही.

तर आता सरळ माझ्याकडूनच ऐका. हो, मी सरकारी अनुदानाचा अर्ज करते आहे. तुम्ही सरकारी कागद हातात धरत नाही म्हणून नियम सांगते. आपल्या दोन गावांत मिळून एकाच खाजगी शाळेला मदत मिळणार. जिला मदत, तिचीच मुलं चौथीच्या सरकारी परीक्षेला बसणार. ती परीक्षा दिली नसेल तर पोस्टात नाही, रेल्वेत नाही, साध्या गोदामाच्या दारावरही कुणी उभं करणार नाही. म्हणजे ज्या शाळेला मदत नाही ती वर्षभरात रिकामी. आणि मदत कुणाला, तर जिथे सरकारी दाखला असलेला शिक्षक किंवा शिक्षिका आहे तिला. आसपासच्या गावांत असा दाखला एकाच माणसाकडे आहे, आणि ती माझ्या घरात आहे.

तिला तुम्ही शिकवलंत, शहरात ठेवून परीक्षा द्यायला लावलीत, हे मी कधी नाकारलं नाही. पण मुलगी दिलीत, तिच्याबरोबर दाखलाही आला.

तुम्ही तर लोहाराच्या दुकानासमोर चारचौघांत शपथ घेतली आहे, की सरकारच्या पैशाला मरेपर्यंत शिवणार नाही. तेव्हा तुमच्या पोटात दुखायचं काही कारण नाही. कुंभाराच्या मुली परत पाठवा.

खालच्या गावची विहीण


तबेला, वरचं गाव
७ जून

विहीणबाई,

पत्र मिळालं. ते आणणारा दूधवाला समोरच उभा होता. म्हणाला, "मास्तर, हसताय की रडताय?" मी म्हटलं, वाचतोय.

कुंभाराच्या मुली स्वतःच्या पायांनी आल्या. तुमच्या वखारीत भुसा इतका उडतो की पोरी पाढे कमी म्हणतात आणि शिंका जास्त देतात. माझ्या तबेल्यात घोडे होते तेव्हाही हवा याहून बरी होती.

तुम्हाला अनुदान हवंय ना, मग त्याच्यामागून काय काय येतं तेही ऐका. भिंतीवर त्यांचा नकाशा लागेल आणि त्यात आपली दोन्ही गावं त्यांच्या रंगात असतील. रोज सकाळी पोरांना उभं करून त्यांच्या राजाचं गाणं म्हणवून घ्यावं लागेल. दुसरीपासून त्यांची भाषा, तिसरीपासून त्यांच्या लढाया. तो नकाशा कसा बनतो ते मला विचारा. ऐन उमेदीची वर्षं मी मोजणी खात्यात साखळ्या ओढल्या. ओढ्यापलीकडचं कुरण सरकारी दाखवू नका, ते गावाचं आहे, एवढंच बोललो, तर त्याच दिवशी घरी पाठवलं. घरी आलो आणि या तबेल्यात शाळा काढली. गव्हाणीत पाट्या ठेवल्या, दारालाच काळा रंग देऊन फळा केला. एकाही साहेबाला इथे पाऊल ठेवू दिलं नाही आणि देणारही नाही.

आणि एक विचारतो. धाकटीनं साहेबाचं गाणं शिकवावं हे तुम्ही ठरवलंत. तिला विचारलंत का?

कुरण गेलं, आता पोरंही देऊन टाकायची, हे माझ्या पचनी पडत नाही. तुमच्या यजमानांना मी ओळखत होतो. ते असते तर त्यांनी तुमचा अर्ज चुलीत घातला असता.

वरच्या गावचा व्याही


वखार
२० जून

व्याहीबुवा,

गेलेल्या माणसाला आपल्या भांडणात ओढू नका. तुम्ही ह्यांना ओळखत होता म्हणजे लाकूड घेताना घासाघीस करत होता, एवढंच.

ह्यांनी वखारीत शाळा का काढली ते सांगते. एक ठेकेदार आला होता. रानात पडलेलं लाकूड उचलायची परवानगी द्या, असं म्हणत घराघरांतून अंगठे घेऊन गेला. नंतर कळलं, अख्खं उभं रान लिहून दिलं होतं. कागद साहेबाच्या भाषेत होता. हे जन्मभर लाकडाच्या धंद्यात, पण ह्यांनाही तो वाचता आला नाही. त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धी वखार मोकळी केली आणि फळ्या आडव्या टाकून मुलांना बसवलं. तेव्हा साहेबाच्या भाषेवरून मला नाक मुरडून दाखवू नका. ती कुणा एकाला जरी येत असती तरी रान वाचलं असतं.

ही शाळा माझ्या हातून बंद पडली तर मी कोणत्या तोंडानं त्या वखारीत पाऊल टाकू? मुलगा धंद्यात रमला आहे, त्याला शाळेचं काही नाही. मला मात्र शाळेशिवाय दुसरं काही नाही. हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही, तरी लिहिते.

नकाशा मी पाहिला. टॉवेलाएवढा आहे. जिथे भिंतीला ओल येते तिथे लावीन.

आणि सूनबाईला विचारायचं काय? घरचं काम आहे. चूल पेटवू का, असं रोज कुणी विचारतं का? अर्ज गेला आहे.

तुमच्याकडचे सुताराचे जुळे परवापासून माझ्याकडे येतात. हिशेबाला पक्के आहेत, हे मान्य करते. पण बापाचं नाव लिहा म्हटलं तर दोघांनी दोन वेगवेगळे बाप लिहिले. तुमच्या तबेल्यात शुद्धलेखन शिकवतात की नाही, हे सुतारानंच मला विचारलं.

विहीण


तबेला
२ जुलै

आदरणीय विहीणबाईंस,

मागच्या पत्रात माझा शब्द जरा जास्त गेला असेल. तुमच्या यजमानांबद्दल मला आदरच होता.

हिची कंबर गेले काही दिवस फार धरली आहे. उठताबसता कण्हते आणि लेकीची आठवण काढते. धाकटीला आठवडाभर माहेरी पाठवाल तर उपकार होतील. आठ तारखेच्या आत आली तर बरं. येताना तिचे चांगले कपडे बरोबर द्यावेत. मुलांचे तेवढे हाल होणार नाहीत इतपत तुमच्याकडे माणसं असतीलच.

तुमचा तो साहेब तपासणीला कधी यायचा आहे? सहज विचारलं.

तुमचा नम्र व्याही


वखार
४ जुलै

व्याहीबुवा,

'आदरणीय' वाचलं तेव्हाच मी सावध झाले.

आजारी आईला बघायला चांगले कपडे कशाला लागतात, हे मला कळेना. तरी माणुसकी म्हणून मुलाच्या हाती कंबरेला चोळायचं तेल पाठवलं. तो परत येऊन काय म्हणाला ते ऐका. "आई, त्या सासूबाई शिडीवर चढून तबेल्याला चुना देत होत्या. मला बघून खाली उतरल्या, मग त्यांना कंबर आठवली." तेल मात्र ठेवून घेतलंत. हरकत नाही, शिडीवरून पडल्या तर उपयोगी येईल.

तुमचा डाव मी ओळखला. साहेब अकरा तारखेला माझ्याकडे येतो आहे, त्याचा तुम्हाला कुठून तरी सुगावा लागला. त्या दिवशी वखारीत दाखला असलेली शिक्षिका दिसू नये, माझा अर्ज फेटाळला जावा आणि मग तुम्ही लोहाराच्या दुकानासमोर उभं राहून हात झटकावेत. स्वतःला खायचं नाही आणि माझ्या ताटातलंही सांडायचं, असला हा प्रकार आहे. सूनबाई कुठेही येणार नाही. तिच्या आईला बघायला पंधरा तारखेनंतर मी स्वतः तिला घेऊन येईन, आणि शिडी धरायलाही मदत करीन.

तबेल्याला चुना कशाला हे मात्र मला उमगलं नाही. घोडे परत आणताय की काय?

विहीण


वखार
१२ जुलै

मास्तर,

आज व्याहीबुवा म्हणत नाही. घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर दूधवाल्याकडून वाचून घ्या. एरवी तुमची पत्रं तोच वाचतो.

काल साहेब आला. बरोबर दुभाषा. आत आल्या आल्या साहेबाला तीन शिंका आल्या, तुमच्या तोंडची वाणी खरी झाली, त्याचा आनंद माना. मी मनाशी म्हटलं, असू दे, आता सूनबाईचं शिकवणं बघेल आणि शिंका विसरेल. ती अपूर्णांक शिकवत होती. लांब फळीवर खडूनं खुणा करून मुलांनाच विचारते, करवत कुठे चालवू. मुलं रंगून गेली होती. साहेब पुढे झाला, तिच्याकडे टक लावून पाहत राहिला आणि दुभाष्याच्या कानाशी लागला. दुभाषा म्हणाला, "साहेब विचारतात, ताप उतरला का?"

सूनबाई म्हणाली, "कसला ताप?"

"काल वरच्या गावच्या शाळेत साहेबांना सांगितलं, की तिथल्या दाखलेवाल्या शिक्षिका तापानं फणफणल्या आहेत म्हणून शाळेत नाहीत. भिंतीवर त्यांचा फोटो होता, तुमच्या वडिलांशेजारी, हातात दाखला. तो हाच चेहरा."

मी तिथल्या तिथे फळीवर बसले. मास्तर, तुम्ही अर्ज केला होता. शपथ घेऊन दोन महिने झाले नाहीत तोच. चुना कशासाठी, ते आता उमगलं. चांगले कपडे कशासाठी, तेही. मला वाटत होतं तुम्ही माझं बिघडवायला तिला बोलावताय, आणि तुम्हाला तर तिला तुमच्याच तबेल्यात साहेबापुढे उभी करायची होती.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. तुम्ही तिचं नाव माहेरचं लिहिलंत, मी सासरचं. ऑफिसला वाटलं, दोन गावांना दोन दाखलेवाल्या मिळाल्या, काय भाग्य. साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं, की तुमच्या देशात एका बाईची दोन माणसं कशी होतात. सूनबाई हातात खडू घेऊन नुसती उभी होती.

दोन्ही अर्ज बाजूला ठेवलेत. सत्तावीस तारखेला तिनं स्वतः शहरातल्या ऑफिसात जाऊन सांगायचं, ती कोणत्या शाळेची. जिची म्हणेल तिला मदत. दुसरीनं दार लावायचं.

सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंत मला. हे मी विसरणार नाही.


तबेला
१४ जुलै

विहीणबाई,

हो, केला अर्ज. आता ऐकाल का कशामुळे?

तुम्ही अर्ज पाठवल्याची बातमी फुटली, त्या संध्याकाळी चाकं करणारा गाडीवाला आला. त्याची मुलगी माझ्याकडे चौथीत आहे, गणितात तिला तोड नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "मास्तर, माझी पोर परीक्षेला बसेल ना?" तो गेल्यावर आणखी पाचसहाजण आले, सगळ्यांचा एकच प्रश्न. शपथ मी घेतली होती, त्या पोरांनी नाही. साहेबाला आत घेताना माझ्या जिवाचं काय झालं ते मलाच ठाऊक. त्यानं माझ्या तबेल्यात छडी आपटत फेऱ्या मारल्या आणि मी हात बांधून उभा होतो.

पण म्हणून तुमचं खरं ठरत नाही. दाखल्यावर नाव कुणाचं आहे? तिचं आणि तिच्यापुढे माझं. तुम्ही फक्त कॉलेजातून नक्कल मिळवलीत, मूळ दाखला माझ्या भिंतीवर आहे. अआ तिनं या गव्हाणीपाशी गिरवला. लग्न झालं म्हणून शिकलेलं काही सासरचं होत नाही. सत्तावीसला ती खरं तेच सांगेल. तिला एकटी पाठवा, कान भरून पाठवू नका.

व्याही


वखार
१७ जुलै

एकटी पाठवायला मला वेड लागलेलं नाही. मोटारीच्या थांब्यावर तुम्ही दबा धरून बसाल. मुलगा बरोबर जाईल. काय बोलायचं ते मी तिला चांगलं तीनदा समजावलं आहे. "हं" म्हणाली.


तबेला
२८ जुलै

काही कळलं का? मी थांब्यावर होतो, पण ती नुसती हसली आणि मोटारीत बसली. परत येताना इकडे उतरलीच नाही.


वखार
२८ जुलै

मला काय विचारता? माझ्याशीही बोललेली नाही. दुपारपासून ओढ्यावर गेली आहे, बरोबर झाडू आणि बादली घेऊन. मुलाला विचारलं तर म्हणतो, आत मला बसवलंच नाही.


जुना जकातनाका, ओढ्यावरचा पूल
५ ऑगस्ट

तबेल्यातले बाबा आणि वखारीतल्या आई,

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, शब्दन्‌शब्द तेच. हवं तर एकमेकांकडून मागवून ताडून पाहा. नाही तर म्हणाल, हिनं तिकडे वेगळं लिहिलं.

साहेबानं विचारलं, तुम्ही कोणत्या शाळेच्या? मी आधी दोन्ही अर्ज पाहायला मागितले. दोन्हींत माझ्याबद्दल एकच वाक्य होतं, शिक्षिका काम करायला राजी आहे. बाबा, मी कधी राजी झाले? आई, तुम्हाला मी कधी तसं म्हणाले? तबेल्यात मी शिकले, वखारीत शिकवते आहे, दोन्हींवर माझा जीव आहे. मला कुणी विचारलं असतं तर मी काहीतरी तोड सुचवली असती. पण दोन महिने तुम्ही एकमेकांना पत्रं लिहीत राहिलात. दूधवाल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला फार राग आला आहे आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही.

तेव्हा साहेबाला म्हणाले, दोन्हींचीही नाही. तो म्हणाला, मग दोन्ही गावांना मदत नाही, आणि फाईल मिटायला लागला. मी म्हणाले, मिटू नका, मला द्या. पुलावरचा जकातनाका बंद पडून आहे, खोली सरकारचीच आहे, दोन्ही गावांची मुलं चालत येतील. त्यानं नवा अर्ज काढला. विचारलं, नाव माहेरचं लिहू की सासरचं? मी म्हटलं, माझं तेवढं लिहा. ते साहेबाला समजावताना दुभाष्याला घाम फुटला.

आता पुढचं वाचून तुम्हाला राग येईल, तर येऊ दे. अनुदानाच्या शाळेत दाखला नसलेल्या कुणीही शिकवायचं नाही, असा नियम आहे. तो मी केलेला नाही. पण त्याच नियमावर बोट ठेवून तुम्ही दोघं मला दोन्ही हातांना धरून ओढत होतात. तो तुम्हालाही लागू आहे, हे दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. बाबांची शाळा जिंकली असती तरी बाबांना तिथे फळ्यासमोर उभं राहता आलं नसतं. आईंचंही तेच झालं असतं.

नकाशा लागेल. गाणं म्हणवून घ्यावं लागेल, ते मला आवडत नाही, तरी घेईन. आणि साहेब पुलापलीकडे गेला की कुरण कुणाचं होतं आणि रान कसं गेलं, तेही शिकवीन.

सोमवारी शाळा उघडते. वखारीतल्या फळ्या आणि तबेल्यातल्या गव्हाणी लागतील, माणसं पाठवते. मुलं पाठवा. तुम्ही दोघं मात्र पुलाच्या आपापल्या टोकाशीच थांबा.

तुमची


तबेला
६ ऑगस्ट

विहीणबाई,

हे असलं तिला तुम्ही शिकवलंत. माझ्या घरी असताना ती अशी नव्हती.


वखार
२१ ऑगस्ट

व्याहीबुवा,

माझ्या घरी आली तेव्हाच ती अशी होती. मान खाली घालून ऐकत होती, मला वाटलं लाजते आहे. आता कळतं, मोजत होती. माणसं मोजायची ही खोड मोजणी खात्यातल्या बापाकडूनच आलेली असणार.

मी दोन आठवडे तिच्याशी बोलले नाही. तिनंही काही आग्रह केला नाही. वेळेवर स्वयंपाक करून पुलाकडे निघून जाते. शाळा उघडली त्या सोमवारी मी या टोकाला उभी होते आणि तुम्ही त्या टोकाला, आपण एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही पाहिलं नसल्यासारखं केलं. कुंभाराच्या मुली आणि सुताराचे जुळे एकाच फळीवर जाऊन बसले. नकाशा तिनं दारामागे लावला आहे, दार उघडं असलं की दिसत नाही. एवढं पाहून मी परत आले आणि रिकाम्या वखारीत दिवसभर झाडत बसले. भुसा संपतच नव्हता. मला रडू आलं, आणि ते तुमच्यामुळेच आलं असं मी धरून चालले आहे.

आता कामाचं. दाखल्याची परीक्षा डिसेंबरात आहे. वयाची अट नाही, हे मी दुभाष्याला पत्र टाकून विचारून घेतलं. मी बसणार आहे. दाखला नाही म्हणून मला वर्गाबाहेर ठेवणार असतील तर मी या पांढऱ्या केसांनी दाखला आणून दाखवीन. सूनबाईनं संध्याकाळी नाक्यावर तयारीचा वर्ग घ्यायचं कबूल केलं आहे. मी स्वतः जाऊन विचारलं तेव्हा म्हणाली, "या. पण वर्गात भांडण झालं तर दोघांनाही बाहेर उभं करीन." दोघांनाही असं ती म्हणाली, मी नाही. मला तुमची काही गरज नाही.

भागाकार तेवढा मला जड जातो. तुम्हाला शुद्धलेखन जन्मात जमलेलं नाही. हे मैत्रीपोटी लिहीत नाही, नुसतं कळवते. परीक्षेत राजाचं गाणं खड्या आवाजात म्हणावं लागतं. ते तुमच्या तोंडून ऐकायला मिळणार असेल तर मी सगळं सोडून येईन. यायचंच झालं तर मागे बसा.

विहीण


तबेला
२९ ऑगस्ट

विहीणबाई,

माझा परीक्षेचा अर्ज गेला. तुमच्या सांगण्यावरून गेला असं गावभर करू नका.

सकाळी तबेला उघडायची सवय सुटत नाही. गव्हाणी काढून नेल्या, त्यांच्या जागी भिंतीला चुना न लागलेले चौकोन राहिले आहेत. काल तिथे उभा राहून एकोणीसचा पाढा सुरू केला. पहिली ओळ मी म्हणायची आणि पुढची पोरांनी, अशी आमची रीत. माझी ओळ म्हणून झाली आणि पुढचं म्हणायला कुणी नव्हतं. मी तसाच खाली बसलो. फार वाईट वाटलं, आणि हे तुम्हाला सांगायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

राजाचं गाणं पाठ करतो आहे. लोहारानं रस्त्यावरून ऐकलं. आत डोकावून म्हणाला, "मास्तर, शपथेचं काय झालं?" मी म्हटलं, मोडली. त्याला वाटलं मी चिडेन. पण त्यानं विचारलं, नाक्यातल्या शाळेत पोरीचं नाव घालायला कुणाला भेटायचं. मी त्याला माझ्या लेकीचं नाव सांगितलं. नुसतं तिचंच.

माझं शुद्धलेखन काढू नका. तुमच्या भागाकाराची कीर्ती दूधवाल्यानं केव्हाच इकडे पोचवली आहे. बाकी आपलं भांडण आहे तिथेच आहे, मी त्यातलं काही विसरलेलो नाही.

सोमवारी संध्याकाळी येतो. एक काम करा. धाकटीला विचारा, मी पुढच्या फळीवर बसलो तर चालेल का. हल्ली मला लांबचं दिसत नाही. तिला विचारूनच कळवा, तुमच्या मनानं काही ठरवू नका.

व्याही